कांद्याला मराठी, माणसाला इंग्रजी

कळवणच्या कृषी सेवा केंद्रातून कांद्यावर मारायचं औषध घ्या. किती मिसळायचं, विषबाधा झाली तर काय करायचं, हे पत्रकावर मराठीत असतं. ही कंपनीची कृपा नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी विक्रीच्या भागातली भाषा सक्तीची केलीय. आता मेडिकलमधून गोळ्या घ्या. पाकिटावर बहुतेक सगळं इंग्रजी, कारण तिथे मराठीची सक्तीच नाही.

मग कोणी डोस चुकवला की ऐकू येतं, "लोक अडाणी आहेत." अहो, तोच माणूस पंपाला किती मिली लागतं ते तोंडपाठ सांगतो. अडाणी कोण, तो की पाकीट?

१ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात काय असतं? नाव, कंपनी, बॅच, एक्स्पायरी, लायसन्स नंबर. नकली माल ओळखायला हे हवंच. पण गोळी जेवणाआधी की नंतर, हे सांगण्याची सक्ती त्यात नाही. कोड छापताच आहात, तर त्यातूनच मराठी सूचना द्यायला काय अडतं? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. टेक्नॉलॉजी अडत नाही, एवढं नक्की सांगतो.

आणि मराठीवर थांबू नका. या तालुक्यात अनेक घरांत कोकणी बोलतात; गोव्याची नव्हे, कोकणा आदिवासींची. तिथे ऑडिओ द्या.

भाषा ही पुढच्या व्हर्जनमध्ये टाकायची सोय नाही. न समजणारी सूचना म्हणजे न दिलेली सूचना. पिकाच्या औषधासाठी जो नियम पन्नास वर्षांपूर्वी झाला, तो माणसाच्या औषधासाठी कधी?