शाळेची जागा आणि नकाशातली सरळ रेघ

नवी शाळा कोठे व्हावी, हे पूर्वी बहुधा जागा कोणाची मिळते यावर ठरे. कोणी पुढाऱ्याने दिलेला तुकडा, नाहीतर कोणालाच नको असलेला गायरानाचा कोपरा. वस्तीच्या पोरांना ती लांब पडली तर पोरांनी चालावे, एवढेच.

आता हे काम संगणकावरच्या नकाशाने करता येते. त्याला जीआयएस म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे हे नकाशे असतात. एका थरात वस्त्या, दुसऱ्यात असलेल्या शाळा, मग रस्ते, नाले, आणि कोणत्या भागात शाळेच्या वयाची मुले किती. प्रत्येक शाळेभोवती वर्तुळ काढले की जी वस्ती वर्तुळाबाहेर राहते, तेथे शाळा हवी. असे नकाशे करणारे राज्य सरकारचे सुदूर संवेदन केंद्र आपल्या नागपुरातच आहे. वर्तुळ किती मोठे, तेही ठरलेले आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, महाराष्ट्राचे नियम २०११ चे. पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर.

पण वाचकहो, वर्तुळ सरळ रेघेने काढतात आणि पोर सरळ रेघेने चालत नाही. आपली वाडीच पाहा. मधून अमरावती रोड, त्यावर रात्रंदिवस ट्रक, आजूबाजूला ट्रान्सपोर्टची गोदामे. एका बाजूला अंबाझरीच्या आयुध निर्माणीचे बंदिस्त आवार, तिकडून कोणाला पायवाट नाही. नकाशात जी शाळा पाऊण किलोमीटरवर दिसेल, ती वळसा घालून दीड किलोमीटर भरू शकते, आणि वाटेत हायवे ओलांडावा लागतो तो वेगळाच. सहा वर्षांच्या पोराला एकटे कोण सोडील? आई सकाळीच कामावर गेलेली. अशा घरी थोरल्या मुलीवर धाकट्यांना पोचवण्याचे काम येते आणि तिचीच शाळा बुडते. रस्त्यावरून चालत किती अंतर पडते, वाटेत काय ओलांडावे लागते, हेही जीआयएसला काढता येते. कोणी ते विचारले पाहिजे, एवढेच.

अंतराचा हा आकडा किरकोळ समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. एका किलोमीटरवर गरिबांच्या किती मुलांचे प्रवेश अडकले होते, याचा विचार करावा. त्या प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जातही नकाशावरचा लाल फुगा आपल्या घरावर नेमका ठेवावा लागतो. कॅफेवाल्याच्या भरवशावर तो सोडू नये, स्वतः बसून पाहावा.

जागेचा प्रश्न मात्र त्याही आधीचा आहे. शहराच्या विकास आराखड्यात शाळेसाठी भूखंड राखून ठेवतात. १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ असे की, आराखडा लागू होऊन १० वर्षे जागा ताब्यात घेतली नाही, मालकाने नोटीस दिली, आणि त्यानंतर २४ महिन्यांतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपते. मग तेथे गाळे उभे राहिले तरी तक्रार कोणाकडे करणार? म्हणून आपल्या वॉर्डात कोणता भूखंड शाळेसाठी आहे, तो अजून मोकळा आहे का, हे नगर परिषदेत जाऊन नकाशा मागून पाहावे. महिला मंडळाने हे काम घेतले तर आम्हाला अधिक भरवसा वाटेल. पोरे कोठून कोठे जातात हे त्यांनाच ठाऊक असते.

नवा आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ठराविक मुदत असते. त्याआधी एका रविवारी वस्तीतून शाळेपर्यंत पोरांच्या चालीने चालून जावे, किती मिनिटे लागली, रस्ता कोठे ओलांडला, नाला कोठे आडवा आला, हे वहीच्या कागदावर काढावे. हरकत दोन ओळींची असली तरी चालते. सोबत त्या कागदाची झेरॉक्स जोडावी, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.