आठवीपूर्वीची सायकल

शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य द्यावयाचे, हे राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाचे धोरण स्तुत्य आहे. बिहारने २००६ साली अशीच योजना हाती घेतली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक होता. तेव्हा सायकल ही चैन नसून शिक्षणाचे साधन आहे, याविषयी वाद उरू नये. प्रश्न वेगळाच आहे. सायकल हाती येते तेव्हा मुलगी तेरा वर्षांची झालेली असते. मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज घेणे, उतारावर वेग आवरणे, वळणावर कडेला राहणे, ही विद्या तोवर तिने कोणापाशी शिकावी?

एके काळी या प्रश्नाचे उत्तर रस्त्यानेच दिले होते. लहान मूल वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसे, थोडे मोठे झाले की कॅरिअरवर जाई, आणि पुढे तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत स्वतःच शिके. रस्ते मोकळे होते म्हणून हे शिक्षण स्वस्त पडले. नंतर दांडीची जागा पेट्रोलच्या टाकीने घेतली. दुचाकी बाळगणारी कुटुंबे २००१ च्या जनगणनेत शेकडा १२ च्या आत होती, ती २०११ मध्ये २१ झाली. चार वर्षांखालील मुलाला मोटारसायकलवर नेताना पट्टा व शिरस्त्राण हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम केंद्राने २०२२ साली केला. नियम योग्यच आहे, पण त्यात मूल हे नीट बांधून न्यावयाचे ओझेच राहते. ते रस्ता पाहते, रस्ता वापरीत नाही.

युरोपातील कुटुंबांनी या अडचणीवर एक साधी तोड काढली आहे. मोठ्या सायकलीच्या बैठकीच्या खांबाला एक दांडा जोडतात. त्याचे दुसरे टोक मुलाच्या सायकलीला अडकवले की तिचे पुढचे चाक जमिनीपासून उचलले जाते आणि मागच्या चाकावर ती ओढली जाते. मूल हवे तर पायडल मारते, नको तर पाय स्थिर ठेवते. मोकळी वाट आली की दांडा काढावा आणि मुलाने आपली सायकल आपण चालवावी. चढ किंवा वर्दळ आली की पुन्हा जोडावा. सहलीचा पल्ला एरवी सर्वांत दुबळ्या पायांवर ठरतो, तो येथे वाढतो. शिवाय बापाने ब्रेक केव्हा दाबला, हात केव्हा दाखवला, हे मूल मागून पाहत राहते. माझ्या मते दांड्याचे खरे मोल यातच आहे.

तथापि हे साधन निर्धोक नाही. ओढलेली सायकल वळणावर आतल्या बाजूने जाते, म्हणून वळण रुंद घ्यावे लागते. दोन सायकली आणि दोन जीव थांबवण्याचा भार मुख्यतः बापाच्या ब्रेकवर पडतो, आणि आपल्याकडील लोखंडी रिमा भिजल्या की ब्रेक निम्मेही पकडत नाहीत. मूल पेंगू लागले तर त्याला धरून ठेवणारे काही नसते. तेथे सहल संपवावी हेच बरे. दांड्याऐवजी दोरी बांधणे ही युक्ती फार तर सावकाश चढापुरती, कारण उतारावर दोरी सैल पडून मुलाची सायकल बापाच्या चाकावर आदळते. शेतीची अवजारे सांधणारा गावचा कारागीर असा दांडा करून देईलही, परंतु एका सांध्यावर मुलाचा जीव टांगू नये. वेगळा मजबूत पट्टा जोडीला हवाच.

आता पेठकडे पाहू. नाशिकहून पेठला यावयाचे तर सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडावा लागतो. हाच रस्ता पुढे गुजरातेत उतरतो आणि मालाच्या गाड्या रात्रंदिवस वाहतो. पावसाळ्यात येथे धुके असे उतरते की दहा हातांवरचे दिसत नाही. या घाटात मुलाची सायकल ओढण्याचा विचारही कोणी करू नये. पण पाड्यांना जोडणारे आतले रस्ते, दिवाळीनंतरची कोरडी सकाळ, शिक्षक वा कारकून आईबाप आणि सात वर्षांचे मूल, हे चित्र अशक्य कोटीतले नव्हे.

हे पोटभरल्यांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-नाशिककडे मजुरीला जाणाऱ्या कुटुंबाला कसला आला रविवार? आक्षेप खरा आहे, आणि दांडा विकत घ्या असा उपदेश त्यांना करणे निर्लज्जपणाचे ठरेल. परंतु सायकलीवरची सात वर्षांची मुलगी ज्या रस्त्यावर सुरक्षित राहील, त्याच रस्त्यावर मजुराची तेरा वर्षांची मुलगीही सुरक्षित शाळेत पोहोचेल. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर ४०० हून अधिक मुले दगावली, तेव्हा तेथील आईबाप रस्त्यावर उतरले. आज त्या देशाच्या सायकलमार्गांचे आपण कौतुक करतो, पण ते वरून आपोआप आलेले नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सायकल स्वस्त झाली, पण ती चालवावयाची जागा रुंदावली नाही. महामार्गाची पुढील डागडुजी होईल तेव्हा निदान शाळा असलेल्या गावांजवळ पांढऱ्या पट्टीबाहेर दीड मीटर पक्की कड द्यावी, एवढी मागणी ग्रामसभांनी ठरावाने करावी. आणि पेठच्या नगरपंचायतीने त्याची वाट न पाहता गावातील एखादा रस्ता रविवारी सकाळी सात ते नऊ मोटारींना बंद ठेवून पाहावा. त्याला दोन लाकडी अडसर आणि एक शिपाई पुरेल.