घर जळाले, मतदार राहिला

वणव्यात घर गमावलेल्या माणसाला अमेरिकेत दोन पत्ते सांभाळावे लागतात. एक जळालेल्या घराचा, दुसरा सध्याच्या मुक्कामाचा. सरकारी मदत आणि मतदान या दोन्ही कामांत कोणता पत्ता कशासाठी द्यायचा, हे कळले की बराचसा गुंता सुटतो. ऑरेगन राज्यात २०२० साली हजारो कुटुंबांना हे एकाच वेळी उमजून घ्यावे लागले.

८ सप्टेंबर २०२० रोजी ॲशलँड शहराच्या कडेला लागलेली ‘अल्मेडा’ आग सोसाट्याच्या वाऱ्याने बेअर क्रीकच्या काठाकाठाने मेडफर्डच्या दिशेने पसरली. वाटेतल्या टॅलंट आणि फीनिक्स या छोट्या शहरांत सुमारे अडीच हजार घरे खाक झाली. त्यांत मोबाइल होमच्या वसाहती पुष्कळ होत्या. फळबागांत राबणारी लॅटिनो कुटुंबे आणि तुटपुंज्या उत्पन्नावर जगणारे वृद्ध तिथे राहत. त्याच आठवड्यात राज्यात इतरत्रही वणवे पेटले आणि एकूण चार हजारांहून अधिक घरे गेली. अध्यक्षपदाची निवडणूक होती ३ नोव्हेंबरला, म्हणजे अल्मेडा आगीनंतर बरोबर आठ आठवड्यांनी.

आधी निवारा. सेंट्रल पॉइंट इथल्या एक्स्पो मैदानावर अनेकांनी आसरा घेतला. कोविडमुळे माणसे एका सभागृहात दाटीने ठेवणे धोक्याचे होते, म्हणून रेड क्रॉसने बऱ्याच कुटुंबांची सोय हॉटेलांत केली. पैशाची मदत ‘फेमा’ या केंद्रीय आपत्ती संस्थेकडून मिळते, पण त्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी मोठी आपत्ती जाहीर करावी लागते. ती घोषणा १५ सप्टेंबरला झाली. अर्ज फोनवर किंवा ऑनलाइन करता येतो. त्यात जळालेल्या घराचा पत्ता आणि सध्या संपर्क होईल असा पत्ता, दोन्ही भरायचे असतात. घराचा विमा असेल तर आधी विमा कंपनीकडे दावा करावा लागतो; विम्यातून भरून निघालेल्या नुकसानीचे पैसे सरकार पुन्हा देत नाही. अर्ज नामंजूर झाल्याचे पत्र आले म्हणजे सारे संपले असे नसते. पुष्कळदा एखादा कागद कमी असतो, आणि साठ दिवसांत अपील करता येते. फेमाची मदत अनुदान असते, ती परत करायची नसते. घरबांधणीसाठी कमी व्याजाचे कर्ज लघुउद्योग प्रशासनाकडून मिळते. नाव उद्योगाचे असले तरी ते घरमालकांनाही दिले जाते. कुटुंबातले एखादे अल्पवयीन मूल अमेरिकी नागरिक असले, तरी त्याच्या नावाने फेमाकडे अर्ज करता येतो. मतदान मात्र फक्त प्रौढ नागरिकांचे.

मतदानातली अडचण ऑरेगनच्या पद्धतीमुळे वाढली. १९९८ साली मतदारांनीच कौल दिल्यापासून या राज्यात मतपत्रिका पोस्टाने घरी येते. आपल्याकडच्यासारखी गल्लोगल्ली मतदान केंद्रे नसतात. आणि घरच उरले नसेल तर? पोस्टाकडे पत्ता बदलल्याचा अर्ज दिला की साधी पत्रे नव्या जागी येतात, पण मतपत्रिका तशी पुढे पाठवली जात नाही. ती निवडणूक कार्यालयाकडे परत जाते. म्हणून बेघर झालेल्याने काउंटी क्लार्कला, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निवडणूक अधिकाऱ्याला, सध्याचा टपाल पत्ता स्वतंत्रपणे कळवावा लागतो. तो हॉटेलचा, नातेवाइकाचा किंवा पोस्ट बॉक्सचाही चालतो. कुठलाच पत्ता नसेल, तर क्लार्कच्या कार्यालयात जाऊन मतपत्रिका घेता येते.

मतदार यादीतला निवासाचा पत्ता मात्र बदलावा लागत नाही. ऑरेगनच्या कायद्यात निवास म्हणजे माणसाचे स्थिर बिऱ्हाड, दूर गेला तरी जिथे परतायचा त्याचा इरादा आहे ती जागा. तिथे आज नुसती राख असली तरी परतायचे मनात असेल, तर मतदार टॅलंटचा किंवा फीनिक्सचाच राहतो. हे महत्त्वाचे असते, कारण त्याच मतपत्रिकेवर स्थानिक पदांच्याही निवडणुका असतात आणि गाव पुन्हा कसे उभारायचे हे त्या पदांवरची माणसे ठरवतात. कायमचे दुसरीकडे जायचे ठरले, तर नव्या पत्त्यावर नाव नोंदवावे लागते.

२०२० साली नव्या मतदाराला नाव नोंदवण्याची मुदत १३ ऑक्टोबरपर्यंत होती. यादीत आधीच नाव असलेल्याला पत्ता मतदानाच्या दिवसापर्यंत बदलता येत होता. पाठवलेली मतपत्रिका हरवली किंवा जुन्या पत्त्यावर गेली, तर दुसरी मागता येते. दोनपैकी एकच मोजली जाते. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात, त्यामुळे सही करायला विसरून चालत नाही. त्या वर्षी मतपत्रिका ३ नोव्हेंबरच्या रात्री आठपर्यंत पोहोचणे आवश्यक होते, त्या तारखेचा पोस्टाचा शिक्का पुरेसा नव्हता. उशीर झालेल्यांसाठी अधिकृत मतपेट्या होत्या. राज्यातल्या कोणत्याही काउंटीतल्या पेटीत टाकलेले पाकीट चालत असल्याने, दूरच्या शहरात आसरा घेतलेल्याला मतासाठी जळालेल्या गावी परतावे लागत नव्हते.