भिंत रंगवली, पुढे काय?

एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पला गेला असाल, तर एखाद्या अंगणवाडीची भिंत तुम्ही रंगवली असेलच. एकीकडे छोटा भीम, दुसरीकडे अ अननसाचा. मग ग्रुप फोटो, स्टोरी, विषय संपला. काम भारीच. पण त्या भिंतीच्या आत कधी डोकावलात का?

सरकारने आता आतल्या खोलीसाठी पैसा काढलाय. ‘सक्षम अंगणवाडी’त देशभरातल्या सुमारे १४ लाख अंगणवाड्यांपैकी २ लाख सुधारायचं ठरलं, प्रत्येकी १ लाख रुपये देऊन. त्यात एलईडी स्क्रीन, पाण्याचा फिल्टर, परसबाग, बोलक्या भिंती आणि शिकवायचं साहित्य. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधीच होते, असं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. त्यामुळे हा खर्च म्हणजे उधळपट्टी मुळीच नाही. उलट उशीरच झालाय.

आमचं म्हणणं वेगळंच आहे. या पैशाचं काय करायचं, हे आधी अंगणवाडीच्या ताईंना विचारा. जिथे छप्पर गळतं, तिथे स्क्रीन टिकेल का? जिथे लाइटच नसते, तिथे तो भिंतीवरची शोभाच ना? आधी संडास, की आधी खेळणी? याचं उत्तर रोज तिथे वीस-पंचवीस पोरं सांभाळणाऱ्या बाईकडेच असतं. वरून आलेल्या छापील यादीत ते सापडत नाही.

हा विचार नवा नाही, आपल्याच मातीतला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच अंगणात नेली. पानं, बिया, शंख-शिंपले हेच शिकवायचं साहित्य. म्हणजे आधी मूल पाहिलं, मग वर्ग मांडला. आपण नेमकं उलटं करतोय.

आणि ताईंचं काय? शिकवण्याशिवाय पोषण आहार, गरोदर बायांच्या नोंदी, वजन-उंची, मोबाइलमधली माहिती हे सगळं त्यांच्याच डोक्यावर. त्याबदल्यात पगार नाही, ‘मानधन’. केंद्राने हे मानधन २०१८मध्ये महिना ४,५०० रुपये केलं, वरची भर राज्य घालतं. डिसेंबर २०२३मध्ये राज्यभरातल्या ताई संपावर गेल्या, ते उगाच नाही. खोली चकाचक आणि ताई रस्त्यावर, याला सुधारणा म्हणायचं का?

तुम्ही म्हणाल, आम्ही काय करणार? वय १८ पूर्ण आणि गावच्या मतदार यादीत नाव असेल, तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. ग्रामपंचायतीला उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्चावा लागतो. तो कुठे गेला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. शहरात राहत असाल, तर वस्तीतल्या अंगणवाडीत एक सकाळ बसा आणि जे दिसेल ते वॉर्ड ऑफिसात लेखी द्या.

पुढच्या कॅम्पला ब्रश जरूर न्या. पण डबा उघडण्याआधी ताईंना एवढंच विचारा, “ताई, तुम्हाला काय हवंय?” कदाचित त्या रंग मागणारच नाहीत.