'क्रमशः' या शब्दाची किंमत

गुलामगिरीच्या निर्मूलनाचे श्रेय विल्यम विल्बरफोर्स यांच्या संसदेतील भाषणांना देऊन इतिहास मोकळा होतो. त्यांच्या चिकाटीविषयी शंका नाही. पण १८०७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, तरी माणसावरील मालकी कायमच राहिली. १८२३ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या संघटनेने आपल्या नावातच 'क्रमशः' निर्मूलन असे म्हटले होते. गुलामाला आधी सुधारावे, मग सोडावे! मळेवाल्यांना याहून अधिक काय हवे होते?

लीस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी १८२४ मध्ये पुस्तिका काढून तत्काळ मुक्तीची मागणी केली आणि गुलामांच्या श्रमाच्या साखरेवर बहिष्कार घालण्याचा प्रचार केला. स्त्रियांनी असे पुढे येणे विल्बरफोर्स यांना रुचत नव्हते. १८३० साली बर्मिंगहॅमच्या महिला संघटनेने बजावले की, 'क्रमशः' वगळल्याखेरीज वर्गणी मिळणार नाही. शब्द वगळला गेला. वर्गणीचे सामर्थ्य आपल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको!

खरा निकराचा लढा मात्र जमैकात झाला. डिसेंबर १८३१ मध्ये सॅम शार्प या गुलाम धर्मोपदेशकाने, मजुरी मिळाल्याशिवाय नाताळानंतर कामावर जायचे नाही, असा संप उभारला. संपाचे बंड झाले. सत्तेने ते निर्दयपणे चिरडले आणि मे १८३२ मध्ये शार्प यांना फाशी दिले. पुढच्याच वर्षी संसदेने निर्मूलनाचा कायदा केला. हा निव्वळ योगायोग मानणे भाबडेपणाचे ठरेल.

या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती मालकांना! मुक्त होणाऱ्या सुमारे आठ लाख माणसांना छदामही मिळाला नाही. उलट 'उमेदवारी'च्या गोंडस नावाखाली त्यांतील बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर बिनमजुरीने राबावे लागले. कंपनी सरकारच्या ताब्यातील हिंदुस्थान तर कायद्यातून वगळलाच होता; येथील कायदा १८४३ चा.

भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब २०१५ साली मिटला. म्हणजे गुलामांचे जे वंशज ब्रिटनमध्ये कर भरत होते, तेही मालकांचे देणे फेडत होते. त्याच वर्षी जमैकाच्या संसदेपुढे ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी हा वेदनादायक वारसा मागे टाकून पुढे जाण्याचा सल्ला दिला. कॅरिबियन राष्ट्रांनी २०१३ मध्ये आयोग नेमून जी भरपाई मागितली आहे, ती उपकार म्हणून नव्हे. त्या दोन कोटींच्या खातेवहीत ज्यांची नावे केवळ मालमत्ता म्हणून होती, त्यांची ती थकबाकी आहे.