हिरड्यांचं रक्त आणि आपली 'उष्णता'

ब्रशला रक्त लागलं की आपलं निदान तयार: "उष्णता झाली." मग ब्रश बंद, बोटाने मीठ-कोळसा सुरू. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. दोन दाढा गेल्या. अहो, रक्त बहुधा हिरडीच्या कडेला साचलेल्या किटणामुळे येतं. ब्रश थांबवला की किटण वाढतं आणि रक्तही! मऊ ब्रशने दोन वेळा, हलक्या हाताने घासायचं. दगड झालेलं किटण मात्र डॉक्टरच काढणार.

दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली बंदी आली. पण पन्नीत खर्रा घोटणं थांबलं का? एम्स इथेच, मिहानमध्ये. तिथे दातांचा विभागही आहे. तरी शेजारी दोन आठवडे रक्त थुंकून मलाच विचारतो, "गुरुजी, लवंग लावू का?" लवंगेने ठणका कमी होईल हो, किटण कसं निघेल?