वसतिगृहातील सवलत : कृपा नव्हे, कर्तव्य

निवासी शिक्षणाच्या दोन परंपरा सातारा आणि सांगली जिल्ह्यांत शेजारी-शेजारी वाढल्या. एक पाचगणीची. तेथे १९०४ साली सेंट पीटर्स, १९२२ साली संजीवन, १९४५ साली न्यू एरा अशा खासगी शाळा निघाल्या आणि देशभरातील सुस्थित घरांतील मुले तेथे येत राहिली. दुसरी कर्मवीर भाऊराव पाटलांची. मिरज तालुक्यातील दुधगावच्या वसतिगृहापासून तिची सुरुवात झाली. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आली. तेथील छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंना मंगळसूत्रही मोडावे लागले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

या दोन परंपरांत खरा फरक आहे तो साहाय्याच्या कल्पनेचा. भाऊरावांनी सवलत हा अपवाद मानला नाही. गरीब मुलगा येणार हे गृहीत धरूनच वसतिगृह उभे केले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ या वाक्याचा अर्थ असा की, विद्यार्थ्याने श्रम द्यावेत, संस्थेने शिक्षण द्यावे आणि कोणी कोणाचे उपकार मानू नयेत. खासगी निवासी शाळेत मात्र आधी पूर्ण शुल्क ठरते आणि मग त्यातून कोणाला किती सूट द्यावयाची, याचा विचार होतो. सूट देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी घेणारा अर्जदारच राहतो.

सरकारने यातून आपल्या परीने मार्ग काढला. १९६१ साली देशातील पहिली सैनिक शाळा साताऱ्यास सुरू झाली. तेथे पालकांच्या उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती मिळते. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालये निघाली. सांगली जिल्ह्याचे पलूस येथे आणि साताऱ्याचे खावली येथे आहे. तेथे राहणे व जेवण विनामूल्य असून किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. परंतु या जागा मोजक्या, आणि प्रवेशपरीक्षेची तयारी शिकवणीविना करणे माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या मुलाला सोपे नाही. म्हणून खासगी संस्थांच्या साहाय्याचा प्रश्न उरतोच.

येथे पालकांनी व त्यांना सल्ला देणाऱ्या शिक्षकांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. समजा, एका शाळेचा वार्षिक खर्च ४ लाख रुपये असून ती ५० टक्के सवलत देते. दुसरीचा खर्च १ लाख असून ती २५ टक्केच देते. उदार कोण? कागदावर पहिली. परंतु पहिल्या घरातून २ लाख जातात, दुसऱ्यातून ७५ हजार. तेव्हा तुलना करावयाची ती सवलतीच्या टक्क्यांची नव्हे, तर सवलतीनंतर उरणाऱ्या रकमेची. सूट केवळ अध्यापनशुल्कात आहे की भोजन-निवासातही, गणवेश, अनामत व सहली यांचे काय, आणि मुख्य म्हणजे ती एका वर्षापुरती की दहावीपर्यंत, हेही विचारले पाहिजे. आठवीत गुण घसरले म्हणून सवलत काढली गेली, तर वर्गमित्रांदेखत त्या मुलाला शाळा सोडावी लागते. ती जखम फीच्या आकड्यात मावत नाही.

कायद्याचा आधार तोकडा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के जागांची तरतूद पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिक वर्गाच्या प्रवेशाची आहे, आणि अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तिच्याबाहेर राहिल्या. पाचवी-सहावीत वसतिगृहात जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला तिचा उपयोग नाही.

मात्र याच राज्यात दुसरा दाखला आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केली. पुष्कळ निवासी शाळाही सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्याच नावे चालतात आणि करसवलती घेतात. मग रुग्णालयाला जो न्याय, तो शाळेला का नसावा? खासगी शाळांचेही खर्च वाढले आहेत, चांगल्या शिक्षकांना चांगले वेतन द्यावे लागते, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच आज आमची मागणी माफक आहे. धर्मादाय म्हणवणाऱ्या प्रत्येक निवासी शाळेने दरवर्षी किती मुलांना, कोणत्या निकषावर, किती वर्षांसाठी साहाय्य दिले आणि पालकास प्रत्यक्ष किती भरावे लागले, हे मुलांची नावे गुप्त ठेवून जाहीर करावे. आणि दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी त्याचा एकत्रित तक्ता प्रवेशापूर्वी प्रत्येक प्राथमिक शाळेत लावावा.

यास नवा निधी लागत नाही, नवे खाते लागत नाही. जी संस्था खरोखर देते, तिला हा तक्ता भूषणच ठरेल. जी देत नाही, तिने धर्मादाय हा शब्द कशासाठी वापरावयाचा, याचे उत्तर समाजाला दिले पाहिजे.